इंजिन इशारा दिवा

इंजिन इशारा दिवा हा मोटारगाडीच्या डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकृतीच्या रूपात उमटणारा पिवळा किंवा नारिंगी दिवा होय. इंजिनाचे नियंत्रण करणाऱ्या संगणकाला (ईसीएम) इंजिनात किंवा धूर-नियंत्रण यंत्रणेत दोष आढळल्यास तो पेटतो. गाडी उभी असताना इंजिन थरथरणे अथवा त्याची गती कमीजास्त होणे हे या दिव्यासोबत वारंवार दिसणारे लक्षण आहे. सिलिंडरमध्ये इंधनाचे ज्वलन चुकल्याने असे झाल्यास गॅरेजच्या बोलीत ‘गाडी मिसिंग करते’ असे म्हणतात.

== इतिहास ==
कार्ब्युरेटरच्या काळात इंजिनाची उभ्या स्थितीतील गती (आयडलिंग) स्क्रू फिरवून जुळवली जात असे आणि दोषाची परीक्षा मेस्त्रीच्या कानावर अवलंबून असे. इंधन-इंजेक्शन प्रणाली आल्यावर हे काम संगणकाकडे गेले. दोषांची नोंद ठेवणारी ‘ओबीडी’ ही स्वयंनिदान प्रणाली प्रथम अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात सक्तीची झाली. तिची प्रमाणित आवृत्ती, ओबीडी-२, १९९६ पासून अमेरिकेतील सर्व नव्या मोटारींत आली.

भारतात डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने २००२ मध्ये वाहन-इंधन धोरणाचा अहवाल दिला. १ एप्रिल २०१० रोजी दिल्ली परिसर व अन्य १३ शहरांत भारत स्टेज-४ निकष लागू झाले. त्या १३ शहरांत महाराष्ट्रातील मुंबई, पुणे आणि सोलापूर ही तीन शहरे होती. या निकषांबरोबर ओबीडी-१ आणि १ एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२ बंधनकारक झाली. भारत स्टेज-४ संपूर्ण देशात १ एप्रिल २०१७ पासून, तर भारत स्टेज-६ हे निकष १ एप्रिल २०२० पासून लागू झाले.

== दिव्याचे संकेत ==
* चावी फिरवल्यावर पेटून इंजिन सुरू होताच विझणे : दिवा सुस्थितीत आहे. चावी फिरवूनही तो पेटत नसेल, तर दिवा वा त्याची जोडणी निकामी असू शकते किंवा दोष लपवण्यासाठी तो बंद केलेला असू शकतो. जुनी गाडी विकत घेताना ही तपासणी महत्त्वाची ठरते.
* स्थिर पेटलेला दिवा : दोषाची नोंद झाली आहे. गाडी सुरळीत चालत असल्यास सावकाश चालवून गॅरेजपर्यंत नेता येते.
* लुकलुकणारा दिवा : मिसिंग तीव्र आहे. न जळलेले पेट्रोल धूर-नळीतील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते. त्या उष्णतेने कन्व्हर्टरचा आतील भाग वितळू शकतो. प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम या मौल्यवान धातूंमुळे हा भाग महाग असतो. अशा वेळी वेग कमी करून गाडी लवकरात लवकर थांबवणे इष्ट असते.

तेलाच्या दाबाचा व तापमानाचा लाल दिवा याहून वेगळा आहे. तो पेटल्यास गाडी सुरक्षित जागी थांबवून इंजिन तत्काळ बंद करावे लागते.

== थरथरीची कारणे ==
पेट्रोल मोटारीच्या इंजिनाची उभ्या स्थितीतील गती सामान्यतः मिनिटाला ७०० ते ९०० फेरे असते. तीन सिलिंडरच्या इंजिनात थोडी थरथर स्वाभाविक असते. ती अचानक वाढली तर दोष संभवतो. झिजलेले स्पार्क प्लग, निकामी इग्निशन कॉइल, थ्रॉटल बॉडीवर साचलेली काजळी, तुंबलेले इंजेक्टर, हवेच्या नळीतील गळती आणि इंजिनाचे तुटलेले माउंटिंग ही प्रमुख कारणे होत. माउंटिंग तुटल्यास गाडी हादरते, पण ज्वलन बिघडत नसल्याने दिवा सहसा पेटत नाही. सोलापूरसारख्या कोरड्या, धुळीच्या प्रदेशात एअर फिल्टर लवकर भरतो. उन्हाळ्यात एसीचा भार पडताच थरथर वाढणे हे अनेकदा थ्रॉटल बॉडी अस्वच्छ असल्याचे लक्षण असते.

== निदान ==
डॅशबोर्डखालील १६ पिनांच्या सॉकेटला स्कॅनर जोडून दोषाचा सांकेतांक वाचला जातो. काही सामान्य सांकेतांक असे :

* पी०३०० : एकाहून अधिक सिलिंडरमध्ये किंवा अनियमित मिसिंग
* पी०३०१ ते पी०३०४ : अनुक्रमे पहिल्या ते चौथ्या सिलिंडरमधील मिसिंग
* पी०१७१ : मिश्रणात हवा जास्त, इंधन कमी
* पी०४२० : कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची कार्यक्षमता कमी

सांकेतांक लक्षण सांगतो, बदलायचा सुटा भाग सांगत नाही. पी०१७१ हा सांकेतांक ऑक्सिजन सेन्सरच्या मोजणीवरून नोंदवला जातो. म्हणून सेन्सर बदलला आणि मूळ दोष फाटलेल्या व्हॅक्यूम नळीत असला, तर खर्च होऊनही दिवा पुन्हा पेटतो. दुसऱ्या सिलिंडरचे मिसिंग नोंदले गेल्यास त्याची कॉइल तिसऱ्या सिलिंडरवर बसवून पाहतात. पी०३०२ ऐवजी पी०३०३ आला तर कॉइल सदोष ठरते. सांकेतांक तोच राहिला तर प्लग, इंजेक्टर व सिलिंडरचा दाब तपासतात. सीएनजी गाडी पेट्रोलवर सुरळीत आणि केवळ गॅसवर अडखळत असेल, तर गॅस यंत्रणेसोबत प्लगही पाहावे लागतात, कारण गॅसच्या प्रज्वलनासाठी अधिक जोरकस ठिणगी लागते.

== सांकेतांक पुसणे ==
स्कॅनरने सांकेतांक पुसल्यास किंवा काही गाड्यांत बॅटरीची तार काढल्यास दिवा विझतो, परंतु दोष जात नाही. दोष घडला त्या क्षणीचे तापमान, गती व भार यांची नोंदही पुसली जाते आणि पुढील निदान अवघड होते. त्यामुळे पुसण्यापूर्वी ही माहिती लिहून ठेवतात. दोष खरोखर दूर झाला असल्यास साधारणतः सलग तीन निर्दोष फेऱ्यांनंतर दिवा आपोआप विझतो. तो न विझता मिसिंग चालू राहिल्यास पीयूसी चाचणीत मोजल्या जाणाऱ्या हायड्रोकार्बनचे प्रमाण वाढते आणि इंधनाचा खपही वाढतो.