रेडिओला उलट प्रश्न विचारणारी गावं



राब, लावणी, खत, औषध यांची माहिती या पत्रकात आपण नेहमीच वाचता. या वेळी थोडा इतिहास सांगायचा आहे. तोही शेतीच्या कामाचाच आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

पुण्याचं आकाशवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झालं. त्या काळी खेड्यात रेडिओ असलाच तर एखादाच, चावडीत नाहीतर शाळेत. जिथं वीज नव्हती तिथं तो बॅटरीवर चाले. आपल्या मावळाचंच घ्या. लोणावळ्याच्या परिसरात धरणं झाली, त्या पाण्यावर १९१५ साली खोपोलीला वीज तयार होऊ लागली आणि तारांवरून ती मुंबईला गेली. पण आसपासच्या खेड्यांत त्यानंतरही कितीतरी वर्षं कंदीलच होता.

रेडिओ आला आणि दिवसभर तऱ्हेतऱ्हेचं बोलणं कानावर पडू लागलं. सकाळी पुण्याच्या प्रादेशिक बातम्या. दिल्लीहूनही मराठी बातम्या येत. १९७४ पासून तर संस्कृत बातम्याही सुरू झाल्या. दुपारी बायकांसाठी कार्यक्रम, रात्री भाषणं आणि श्रुतिका. संध्याकाळी मात्र खेड्याची पाळी असे. ‘बनगरवाडी’ लिहिणारे व्यंकटेश माडगूळकर १९५५ ते १९८५ अशी तीस वर्षं पुणे केंद्राच्या ग्रामीण कार्यक्रम विभागात होते. माणदेशी मातीत वाढलेला माणूस तिथं होता, म्हणजे खेड्याची भाषा केंद्राला परकी नव्हती. हवामान खात्यानं शेतकऱ्यांसाठी खास अंदाज द्यायला १९४५ सालीच सुरुवात केली होती. तोही रेडिओवरून सांगितला जाई.

पण यात एक अडचण होती. बोलणारा एक आणि ऐकणारे पाच-दहा जिल्ह्यांतले. लोणावळ्याला पाऊस धो धो कोसळतो. तळेगावपर्यंत येता येता तो किती उतरतो, हे तुम्हाला सांगायला नको. एका तालुक्यात ही तऱ्हा, तर नाशिकचा द्राक्षवाला, नगरचा ज्वारीवाला आणि नाणे मावळातला भातवाला यांना एकच भाषण कसं पुरणार? ऐकणारा मान डोलावतो, ‘बरं सांगितलं’ म्हणतो आणि उठून जातो. शेतात काही बदलत नाही.

या अडचणीवर १९५६ साली एक तोडगा करून पाहिला गेला. आकाशवाणीनं युनेस्कोच्या मदतीनं पुणे केंद्रावरून शेतकरी श्रोता मंडळांचा प्रयोग केला. पाच मराठी जिल्ह्यांतली सुमारे दीडशे गावं निवडली, त्यात पुणे जिल्हाही होता. एका मंडळात पंधरा-वीस माणसं. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचा असे एकूण वीस कार्यक्रम झाले. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद करायचा आणि तिथंच बसून बोलायचं: हे आपल्या गावात जमेल का? खर्च किती? आधी कोण करून बघणार? चर्चेचा वृत्तांत आणि मनातल्या शंका लिहून केंद्राकडे पाठवायच्या. शंकांची उत्तरं पुढच्या कार्यक्रमांत मिळत.

हे उपयोगी पडलं की नाही, याचीही नीट पाहणी झाली. टाटा समाजविज्ञान संस्थेकडे ते काम होतं. मंडळ असलेली गावं, नुसता रेडिओ असलेली गावं आणि दोन्ही नसलेली गावं अशी तुलना केली. लोकांना आधी आणि नंतर प्रश्न विचारले. मंडळाच्या गावांत माहिती चांगलीच वाढलेली दिसली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत त्या मानानं फारच थोडी वाढली. रेडिओ तोच, भाषण तेच. फरक होता तो ऐकल्यानंतरच्या बोलण्याचा.

१९५९ साली ही योजना देशभर नेली आणि हजारो मंडळं निघाली. पुढं ट्रान्झिस्टर आला, जो तो आपल्या घरी, आपल्या बांधावर ऐकू लागला. सोय झाली यात शंका नाही. पण एकत्र बसणं गेलं, उलट प्रश्न विचारणं कमी झालं आणि बरीच मंडळं कागदावरच उरली.

आज मोबाईल हातात आहे, बोलणं तर चोवीस तास चालू आहे. म्हणूनच ती जुनी रीत पुन्हा कामाची आहे. चारसूत्री भाताचंच बघा. रोपांतलं अंतर आलटून पालटून १५ आणि २५ सेंटिमीटर ठेवायचं आणि चार चुडांच्या मधोमध खताची गोळी खोचायची. एकट्यानं एकदा ऐकलं तर आकडे विसरतात, गोळी भलतीकडे जाते आणि वर ‘पद्धत खोटी’ असं आपण म्हणतो.

तेव्हा एवढं करा:

• चार-पाच घरांनी मिळून आठवड्यातून एकदा तरी कार्यक्रम एकत्र ऐका.
• जवळ वही-पेन्सिल ठेवा. आकडा ऐकला की लगेच टिपून घ्या.
• ऐकून झाल्यावर पंधरा मिनिटं बोला. लावणी बायाच करतात, तेव्हा त्या चर्चेत हव्यातच.
• नवी गोष्ट आधी एखाद्या खाचरात करून बघा.
• शंका कळवताना जमीन कोणती, पाऊस किती, वाण कोणता हे लिहा. नुसतं ‘भात पिवळं पडलं’ एवढ्यावरून उत्तर देणं अवघड जातं.

रेडिओवर बोलणाऱ्याला तुमचं खाचर दिसत नाही. ते त्याला दाखवायचं काम तुमच्या प्रश्नाचं आहे. तर मग मंडळी, ऐका, बोला आणि विचारा!