टँकरच्या पाठीवरची पाटी

#थ्रेड नागपूरच्या कोणत्याही हमरस्त्यावर पेट्रोलच्या टँकरच्या दोन्ही बाजूंना आणि मागे चौकटींची एक पाटी दिसते. तिच्यावर पदार्थाचे नाव, १२०३ हा आकडा, त्याखाली ‘३ वाय ई’ असा तुटक संकेत आणि एक दूरध्वनी क्रमांक असतो. ही पाटी टँकर उलटल्यावर तिथे सर्वप्रथम पोहोचणाऱ्या अग्निशामकासाठी असते. तिचे मोल समजण्यासाठी आधी मुंबईच्या गोदीत जावे लागेल.

१४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया गोदीतील ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजावर कापसाच्या गाठी पेटल्या. त्याच जहाजात सुमारे १४०० टन स्फोटके होती. धोक्याचा माल दर्शवणारा तांबडा बावटा मात्र त्यावर नव्हता. जहाज बुडवावे, बाहेर ओढून न्यावे की माणसे हलवावीत, हे ठरवणारा एकही अधिकारी पुढे आला नाही. बंब पाणी मारत राहिले. दुपारी ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला महास्फोट झाला. अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. देशभरचा अग्निशमन सप्ताह १४ एप्रिललाच सुरू होतो, तो त्यांच्या स्मरणार्थ.

आपण हा प्रसंग हौतात्म्याची कथा म्हणून सांगतो. मला तो न घेतलेल्या निर्णयाची कथा वाटतो. शौर्य तिथे भरपूर होते. मागे केव्हा सरायचे, याची शिस्त कोणी घालून दिलेली नव्हती.

ही शिस्त शिकवणारी संस्था पुढे नागपूरला आली. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५६ साली रामपूर येथे सुरू झाले आणि १९५७ मध्ये इथे हलले. त्याच वर्षी आपत्कालीन मदतीचे प्रशिक्षण देणारी केंद्रीय संस्थाही इथेच उभी राहिली. तीच पुढे राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय झाली. देशाच्या मध्यभागी, उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम महामार्ग जिथे छेदतात, तिथे.

आता पाटीकडे परत. हा संकेत १९७० च्या दशकात लंडनच्या अग्निशमन दलात घडला. आपल्याकडे धोकादायक माल वाहणाऱ्या वाहनांवर अशी पाटी केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार बंधनकारक आहे. पहिला अंक आग कशाने विझवायची ते सांगतो: १ म्हणजे पाण्याचा जाड फवारा, २ म्हणजे बारीक तुषार, ३ म्हणजे फेस, ४ म्हणजे कोरडे द्रव्य. मधले अक्षर अंगावर कोणती साधने हवीत आणि सांडलेला द्रव वाहून जाऊ द्यायचा की अडवायचा, ते सांगते. शेवटी ‘ई’ असेल तर आसपासची वस्ती रिकामी करण्याचा विचार करायचा. गोदीत जो प्रश्न अधांतरी राहिला, त्याचे उत्तर इथे एका अक्षरात आहे.

रस्त्यावर मात्र आणखी एक शत्रू असतो, मागून येणारी वाहतूक. म्हणूनच मोठे वाहन अपघातस्थळाच्या अलीकडे तिरपे उभे करून ढाल करायची, शंकू बरेच मागून मांडायचे आणि वाहतुकीकडे पाठ करायची नाही. समृद्धी महामार्गावर ताशी १२० किलोमीटरने येणारी मोटार एका सेकंदात ३३ मीटर कापते. ३० मीटरवर शंकू ठेवला, तर चालकाच्या हाती सेकंदसुद्धा उरत नाही.

गेल्या उन्हाळ्यात वर्धा रस्त्यावर माझ्यापुढे एक टँकर होता. पाटीचा रंग इतका उडाला होता की पहिला अंक २ की ३, ते शेवटपर्यंत कळले नाही.