गलबते आणि मिग

भोरपासून वेल्ह्यापर्यंतचा डोंगरी मुलूख पंत सचिवांच्या संस्थानी दफ्तरांत विचित्रगड, राजगड व प्रचंडगड या तालुक्यांच्या नावे नोंदला जात असे. समुद्राचे वारेही जेथे सह्याद्री ओलांडून यावयाचे त्या या मुलखाचा आरमाराशी वरकरणी काही संबंध दिसत नाही, आणि तरीही परकीयांचे कसब पदरी घेऊन स्वतःचे लढाऊ बळ उभारण्याचे धाडस ज्या राजसत्तेने केले, तिची राजधानी येथेच, राजगडावर होती.

कल्याण-भिवंडी हाती आल्यावर शिवाजीमहाराजांनी खाडीत गलबते बांधावयास घेतली आणि १६५९ च्या सुमारास रुय लैतांव व्हिएगश व त्याचा पुत्र फेर्नांव या पोर्तुगीज कारागिरांना त्या कामावर नेमले. टोपीकरांच्या तयार तोफा दाम मोजून मिळत, परंतु १६६० साली राजापूरच्या इंग्रज वखारवाल्यांनी सिद्दी जौहरास नुसता दारूगोळा न पुरविता पन्हाळ्यावर स्वतःच्या निशाणाखाली तोफा डागल्या, तेव्हा विकणाऱ्याच्या तटस्थतेचे मोल काय ते उघड झाले. (पुढील वर्षीच त्या वखारीचे पारिपत्य झाले, हे सांगावयास नकोच.) व्हिएगश पितापुत्रांचेही अखेर तेच झाले: आरमार सिद्ध झाल्यास आपल्याच समुद्रावर प्रतिस्पर्धी उभा राहील, हे ओळखून वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी त्यांचे मन वळविले आणि ते काम टाकून निघून गेले. आरमार थांबले नाही. पण कसब माणसाबरोबर येते तसे त्याच्याबरोबर जातेही.

तीन शतकांनी हाच प्रश्न दिल्लीदरबारी आला. पाकिस्तानास अमेरिकेची एफ-१०४ विमाने मिळाली होती. भारतास ती देण्यास अमेरिका राजी नव्हती, आणि सोव्हिएत संघ मात्र मिग-२१ बरोबर ते येथे बांधण्याचा परवानाही देऊ करीत होता. ऑगस्ट १९६२ च्या करारात माझ्या मते निर्णायक कलम हेच होते, वेगाचे वा किमतीचे नव्हे. सांगाडा नाशिकजवळ ओझरला, इंजिन कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक सामग्री हैदराबादेस, अशी कामाची वाटणी झाली. यशवंतराव चव्हाण तेव्हा संरक्षणमंत्री होते व १९६३ साली नाशिककरांनी त्यांना लोकसभेवर बिनविरोध पाठविले होते. ओझरचा कारखाना ही त्याचीच परतफेड, असे तिकडे अजून कौतुकाने सांगतात. व्हिएगशांचे कसब त्यांच्या हातांत होते. येथे ते निदान नकाशांत, साच्यांत आणि ओझरच्या कामगारांच्या हातांत उतरले, मात्र मूळ आराखड्याची मालकी मॉस्कोकडेच राहिली.