काढलेले कवच आणि गेलेला हात: यंत्रातील फेरफाराचे दायित्व कोणाचे?

१/ लोणार तालुक्यातील बीबी परिसरात सोयाबीनची सुडी लागली आणि आभाळ भरून आले की मळणीयंत्राचा एकेक तास मोलाचा ठरतो. अशा घाईत कुठे यंत्राचा वेग वाढवला जातो, तर कुठे संरक्षक कवच काढले जाते. त्यात मजुराचा हात गेला, तर जबाबदार कोण? या प्रश्नाला शंभर वर्षांचा इतिहास आहे.

२/ पूर्वी खळ्यावर तिवड्याभोवती बैलांची पात फिरत असे. काम संथ होते, पण बैल हाकेसरशी थांबत. हरितक्रांतीनंतर इंजिनावर व विजेवर चालणारी मळणीयंत्रे पसरली आणि मजुराचा हात थेट फिरत्या ड्रमच्या तोंडाशी आला.

३/ म्हणून भारतीय मानकाने पीक आत सरकवण्याची नळी किमान ९० सेंमी लांब आणि त्यातील ४५ सेंमी झाकलेली असावी, असे ठरवले. हेतू सरळ होता : हात ड्रमपर्यंत पोहोचूच नये. नळी आखूड केली की पीक भराभर आत जाते, हातही जातो.

४/ दुसरा फेरफार पुलीचा. ड्रमची पुली १२ इंचांऐवजी १० इंचांची बसवली, तर वेग १.२ पट होतो. परंतु फिरत्या भागांवरील ताण वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे १.४४ पट. यंत्राची रचना त्या ताणासाठी केलेली नसते. शिवाय सोयाबीनचा दाणा फुटतो, तो वेगळाच.

५/ लाकूडतोडीच्या चेनसॉची कथाही अशीच. जर्मनीच्या आंद्रेआस श्टील यांनी १९२६ मध्ये विजेवर चालणारी जड करवत बनवली. ती उचलायला दोन माणसे लागत. पुढे करवत हलकी आणि वेगवान झाली, तसा ती उसळून चालकाच्या अंगावर येण्याचा धोका वाढला. १९७० च्या दशकात साखळी क्षणात थांबवणारा ब्रेक आला. तरीही जलद कापणीसाठी साखळीच्या दातांपुढचे उंचवटे जास्त घासले जातात, आणि उसळी पुन्हा वाढते.

६/ आता कायदा. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्यात एक अपवाद होता : मजुराने सुरक्षासाधन जाणूनबुजून काढले, तर मृत्यू न ओढवलेल्या दुखापतीसाठी मालक भरपाईतून सुटू शकत असे. पण कवच मालकानेच काढले असेल, तर हा अपवाद त्याच्या कामी येत नसे. म्हणून ‘कवच कोणी काढले?’ हाच वादाचा गाभा ठरला.

७/ १९८३ मध्ये संसदेने धोकादायक यंत्रे (नियमन) अधिनियम केला. त्याच्या केंद्रस्थानी मळणीयंत्रच होते. उत्पादकांना परवाना, यंत्राला सुरक्षेचे निकष आणि जखमी चालकाला भरपाई अशी त्याची चौकट होती.

८/ त्याआधी तीनच वर्षे न्यूयॉर्कच्या सर्वोच्च राज्य न्यायालयापुढे प्लास्टिक साचे यंत्राचा खटला आला होता. उत्पादन वाढावे म्हणून कारखान्याने संरक्षक दारालाच भोक पाडले होते. त्यातून सतरा वर्षांच्या कामगाराचा हात सापडला. १९८० मध्ये न्यायालयाने यंत्रनिर्मात्याला दायित्वातून मुक्त केले. पण १९९८ मध्ये मांस दळण्याच्या यंत्राच्या खटल्यात त्याच न्यायालयाने भर घातली : कवच काढण्याचा धोका सांगण्याचे कर्तव्य निर्मात्यावर असू शकते.

९/ भारताच्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार, इजेच्या वेळी वस्तूत फेरफार झालेला असेल, तर विक्रेत्यावर उत्पादन दायित्वाचा दावा चालत नाही. म्हणजे पाना फिरवून पुली बदलणारा माणूस दुकानदाराची जबाबदारी सैल करतो आणि तिचे ओझे यंत्रमालकाकडे सरकवतो.

१०/ खळ्यात मात्र हा फेरफार ठरवणारा एक असतो आणि पेंढ्या आत सरकवणारा दुसरा. वाचलेला तास पहिल्याच्या पदरात पडतो. हात दुसऱ्याचा जातो. शंभर वर्षांचे कायदे याच दोघांमधला हिशेब मांडत आले आहेत.