‘प्रीतीचा अभाव’ : १८९७चे पुणे आणि वृत्तपत्रांवरील एक जुना आरोप

१/ वृत्तपत्रे केवळ वाईटच छापतात आणि तेही एका बाजूने, ही तक्रार आपल्या पिढीची नव्हे. सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबई इलाख्यात या तक्रारीवर खटला उभा राहिला आणि एका संपादकास दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. आजचा थ्रेड त्या उन्हाळ्याविषयी.

२/ आरंभ एका कबुलीने करतो. एम.ए.च्या पहिल्या वर्षी मी एतद्देशीय वृत्तपत्रांवरील सरकारी अहवाल वाचू लागलो. सरकारचे भाषांतरकार दर आठवड्यास मराठी, गुजराती पत्रांतील निवडक मजकूर इंग्रजीत उतरवीत आणि तो गोपनीय म्हणून अधिकाऱ्यांत फिरे. ते वाचून माझे मत झाले की, आपली पत्रे सदैव रागावलेलीच असत.

३/ पुढे मूळ अंक चाळले आणि चूक कळली. बाजारभाव, पुस्तकांचे अभिप्राय, जाहिराती, वाचकांची आपसांतील भांडणे, सारेच तेथे होते. भाषांतरकाराने उचलले ते फक्त सरकारी कारभाराशी संबंध असलेले. म्हणजे ज्या चाळणीतून पत्रे सरकारपुढे जात, ती चाळणीच कडवट मजकूर वेगळा काढणारी होती. पुढच्या इतिहासकारांपुढे, माझ्यापुढेही, तेच दप्तर आले!

४/ आता प्रसंगाकडे. सप्टेंबर १८९६मध्ये मुंबईत प्लेग प्रकटला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. पुण्यात प्लेग समितीचे अध्यक्ष म्हणून रँड आले आणि मार्चपासून गोरे सोजीर घरोघर झडत्या घेऊ लागले. देवघर, माजघर, काही सुटले नाही.

५/ ‘केसरी’ प्रथमपासून या उपायांच्या विरुद्ध होता, हा सर्वसाधारण समज बरोबर नाही. रोग्यांस वेगळे ठेवण्याची आवश्यकता टिळकांना मान्य होती. हिंदूंसाठी खाजगी रुग्णालय काढण्यात त्यांचा पुढाकार होता. शहर सोडून निघून गेलेल्या पुढाऱ्यांवरही ‘केसरी’ने कोरडे ओढले. टीका तीव्र झाली ती झडत्यांची पद्धत पाहून.

६/ २२ जून रोजी व्हिक्टोरिया राणीच्या हीरकमहोत्सवाच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. आयर्स्ट जागीच गेले, रँड ३ जुलैस. मुंबईच्या अँग्लो-इंडियन पत्रांनी या हत्येचा धागा थेट पुण्याच्या मराठी लिखाणाशी जोडला. हत्येपूर्वी आठवडाभर, १५ जूनच्या ‘केसरी’त, शिवाजी उत्सवातील भाषणांचा वृत्तान्त आणि शिवाजी महाराजांच्या तोंडी घातलेली एक कविता आली होती. तेवढे पुरेसे ठरले.

७/ याच वेळी गोपाळ कृष्ण गोखले वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी विलायतेत होते. पुण्याहून मित्रांची पत्रे जात होती. त्यांवर विसंबून त्यांनी ‘मँचेस्टर गार्डियन’ला सांगितले की, सोजिरांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केला आणि त्यांपैकी एकीने जीव दिला. मुंबई सरकारने साफ इन्कार केला.

८/ जुलैच्या अखेरीस गोखले परतले. तोवर २७ जुलैस टिळकांना अटक झाली होती आणि पाठोपाठ नातू बंधूंना १८२७च्या २५व्या रेग्युलेशनखाली, चौकशीवाचून, स्थानबद्ध केले होते. अशा पुण्यात दोन स्त्रियांच्या बाजूने साक्ष द्यायला कोण उभा राहणार? कोणीच राहिले नाही. गोखल्यांनी पत्रलेखकांची नावे सांगितली नाहीत. ऑगस्टमध्ये गव्हर्नर सँडहर्स्ट आणि प्लेगच्या कामावरील सैनिक यांची बिनशर्त माफी मागितली.

९/ या माफीने त्यांची फार छी-थू झाली. मला मात्र त्यांची बाजू इतकी सरळ फेटाळता येत नाही. ऐकीव माहिती त्यांनी छापू द्यायला नको होती, हे खरे. पण सिद्ध करता येत नाही म्हटल्यावर ती त्यांनी जाहीरपणे मागे घेतली. पुरावा न मिळाल्याने घटना घडलीच नाही असे ठरत नाही, आणि घडली असेही ठरत नाही. त्या दोघी कोण, होत्या की नव्हत्या, हा प्रश्न माफीच्या गदारोळात कोणत्याच पक्षाने लावून धरला नाही. बाजू घेण्याची किंमत अनेकदा अशी तिसऱ्याच कोणाला मोजावी लागते.

१०/ (‘केसरी’लाही हा धडा ठाऊक होता. कोल्हापूरच्या कारभाऱ्यांविरुद्ध छापलेली पत्रे बनावट निघाली, म्हणून १८८२मध्ये टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस राहून आले होते.)

११/ सप्टेंबरमध्ये मुंबई हायकोर्टात न्या. स्ट्रेची यांच्यापुढे टिळकांचा खटला चालला. कलम १२४ अ. त्यातील ‘डिसअफेक्शन’ या शब्दाचा अर्थ ज्यूरीस समजावताना न्यायमूर्ती म्हणाले की, तो म्हणजे केवळ ‘अफेक्शन’चा, प्रीतीचा, अभाव, द्वेष, वैर, तिरस्कार, सरकारविषयीची हरप्रकारची दुर्भावना त्यात येते.

१२/ येथे क्षणभर थांबावे. बातमी खरी की खोटी, हा प्रश्नच या व्याख्येत उरत नाही. प्रश्न एवढाच : वाचून सरकारवरची माया कमी होते काय? झडतीचे खरेखुरे वर्णन वाचून कोणाची माया वाढणार होती?

१३/ ज्यूरीत सहा युरोपीय, तीन हिंदी. सहांनी दोषी म्हटले, तिघांनी निर्दोष. लेख मराठी, आणि दोषी म्हणणाऱ्या सहांना मराठी येत नव्हते. त्यांच्यापुढे होते ते भाषांतर. पुन्हा तीच चाळणी.

१४/ १८९८मध्ये कलम दुरुस्त झाले. ‘डिसअफेक्शन’मध्ये राजनिष्ठेचा अभाव आणि सर्व प्रकारची वैरभावना येते, असे स्पष्टीकरण कायद्यातच घातले गेले. सरकारी उपायांवरील नापसंतीला मुभा राहिली, मात्र तिने द्वेष चेतवता कामा नये. दोहोंतील रेघ ओढायची सरकारी वकिलाने.

१५/ शेवटी एक गोष्ट, जी मला अजून नीट पचलेली नाही. १९१०मध्ये छापखान्यांकडून जामीन मागणारा प्रेस कायदा केंद्रीय कायदेमंडळात आला. टिळक तेव्हा मंडालेच्या तुरुंगात होते. सभागृहात गोखले होते. त्यांनी दुरुस्त्या सुचवल्या, नाखुशी दाखवली आणि अखेर विधेयकाला पाठिंबा दिला.