प्रश्न विचारणारे कल्याण

बसवकल्याण, भालकी, औराद, हुमनाबाद या भागातल्या मराठी घरांत ‘प्रश्न’ हा शब्द निघाला की जुन्या मंडळींच्या मनात एकच गोष्ट येते, सीमाप्रश्न. १९५६ पासून या एका प्रश्नाने आपल्या तीन पिढ्यांचा काळ व्यापला आहे. त्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे आणि पुढेही लिहिले जाईल. यंदाच्या स्मरणिकेत आम्हाला लिहायचे आहे ते रोजच्या प्रश्नांविषयी. नळाला पाणी किती दिवसांनी येते, शाळेत शिक्षकांच्या किती जागा रिकाम्या आहेत, दवाखान्यात डॉक्टर का नाही, गावाची बस का बंद झाली, असे हे प्रश्न. आमदाराने सभागृहात उभे राहून ते मंत्र्याला विचारावेत आणि मंत्र्याने त्यांचे उत्तर द्यावे, ही रीत आज साधी वाटते. आपल्या गावापर्यंत मात्र ती फार उशिरा पोहोचली. आणि तरीही, प्रश्न कसा विचारावा व उत्तर कशाला म्हणावे, याचा विचार याच गावात नऊशे वर्षांपूर्वी झाला होता.

चालुक्य सम्राट सहावा विक्रमादित्य याची कारकीर्द १०७६ ते ११२६. त्याच्या काळात कल्याणनगरीत विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. हिंदू वारसाहक्काचा कायदा म्हणून हा ग्रंथ देशभरच्या न्यायालयांत गाजला. त्यातला व्यवहाराध्याय, म्हणजे दाव्यांचे प्रकरण, मात्र आपण सहसा उघडत नाही. दाव्याचे चार पाय तिथे सांगितले आहेत: तक्रार, उत्तर, पुरावा आणि निर्णय. तक्रार प्रतिवादीच्या समोर लिहून घ्यावी आणि तिच्यात वर्ष, महिना, पक्ष, दिवस, नाव असा सगळा तपशील असावा, असा दंडक आहे. उत्तराचेही चार प्रकार दिले आहेत. पहिला, ‘होय, हे खरे आहे’. दुसरा, ‘हे खोटे आहे’. तिसरा, ‘होय, पण त्याला कारण आहे’. चौथा, ‘याचा निकाल पूर्वीच लागला आहे’. जे उत्तर संदिग्ध असते, मूळ विषय सोडून भलतेच बोलते, फार तोकडे किंवा फार पसरट असते, तक्रारीच्या एकाच भागाला लागू पडते, ते उत्तरच नव्हे, असेही विज्ञानेश्वर जुन्या स्मृतिकारांच्या आधाराने सांगतो.

त्यानंतर काही दशकांनी याच कल्याणात महात्मा बसवेश्वरांचा अनुभवमंटप भरू लागला. त्याला जगातली पहिली संसद म्हणण्याची प्रथा आहे. शरणांची ती आध्यात्मिक सभा होती. कर बसवणारी, खर्च मंजूर करणारी ती संस्था नव्हती. तरी एक गोष्ट तिथे नक्की होती. बसवेश्वर स्वतः बिज्जल राजाच्या दरबारात मंत्री होते आणि त्यांच्या सभेत नावाडी, चांभार, मोलमजुरी करणाऱ्या स्त्रिया बरोबरीने बसून विचारत होत्या. आयदक्की लक्कम्माची कथा आपल्याकडे लहान मुलांनाही ठाऊक असते. तिचा नवरा मारय्या बसवेश्वरांच्या वाड्याच्या अंगणात सांडलेले तांदूळ वेचून आणी आणि त्यावर दोघांचा चरितार्थ व दासोह चाले. एके दिवशी त्याने नेहमीपेक्षा जास्त तांदूळ आणले. लक्कम्माने विचारले, हे जास्तीचे कशासाठी? आणि ते परत ठेवून यायला लावले. मंत्र्याच्या अंगणातल्या तांदळाचा हिशेब एका कष्टकरी बाईने मागितला, ही या गावाची आठवण आहे.

पुढे सत्ता बदलत गेल्या. निजामाच्या राज्यात कल्याणी ही नवाबाची जहागीर झाली. वसुली जहागीरदाराची, पोलीस जहागीरदाराचे, आणि वर निजाम. रयतेने अर्ज करावा, विनंती करावी. जाब विचारण्याची सोय नव्हती.

ब्रिटिश मुलखात त्या काळात एक लहान दार उघडले होते. १८९२ च्या कायद्याने कौन्सिलच्या सभासदांना सरकारला प्रश्न विचारण्याची मुभा मिळाली. सहा दिवस आधी नोटीस द्यायची, उत्तर ऐकायचे आणि गप्प बसायचे. उत्तरावर चर्चा नाही, पुरवणी प्रश्न नाही. लोकमान्य टिळकांनी पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सवाला चालना दिली ती १८९३ ची गोष्ट, आणि १८९५ मध्ये ते मुंबईच्या कौन्सिलवर निवडून गेले. लोकांना एकत्र आणणे आणि सरकारला विचारणे ही दोन्ही कामे त्या पिढीने एकाच दशकात हाती घेतली. पुरवणी प्रश्नाचा हक्क १९०९ मध्ये मूळ प्रश्न विचारणाऱ्याला मिळाला आणि १९१९ च्या सुधारणांनंतर इतर सभासदांनाही. मंत्र्याला खऱ्या अर्थाने अडचणीत आणतो तो हा पुरवणी प्रश्नच, कारण त्याचे उत्तर कचेरीतून लिहून आणलेले नसते.

निजामाच्या राज्यात मात्र सभा घ्यायची तरी ‘गश्ती नंबर ५३’ आडवी येई. आधी परवानगी मागा, मग बोला, असा तो फतवा. १९३७ मध्ये परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले आणि संस्थानातल्या मराठी माणसांनी आपल्या मागण्या ठरावांच्या रूपाने मांडायला सुरुवात केली. पण ठराव करणाऱ्याला उत्तर देण्याचे बंधन सरकारवर नव्हते.

ते बंधन आले ते सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर. १९४९ मध्ये जहागिऱ्या रद्द झाल्या आणि १९५२ मध्ये हैदराबाद राज्याची पहिली निवडून आलेली विधानसभा बसली. सभासद १७५, मुख्यमंत्री बी. रामकृष्णराव, अध्यक्ष काशिनाथराव वैद्य. गृहखाते दिगंबरराव बिंदूंकडे आणि विरोधी पक्षनेते व्ही. डी. देशपांडे. म्हणजे पोलिसांच्या कारभाराचा जाब विचारणारा मराठी आणि जाब देणाराही मराठी! त्या सभागृहात उर्दू, तेलुगू, मराठी, कन्नड, हिंदी, इंग्रजी असा सगळा मेळ होता. ज्या गावाने तीन वर्षांपूर्वीपर्यंत जहागीरदारापुढे मान खाली घातली होती, त्या गावाच्या वतीने आता कोणीतरी मंत्र्याकडे बोट दाखवून विचारू शकत होते. आपल्या आजोबा-पणजोबांनी हा बदल डोळ्यांनी पाहिला.

हे सभागृह जेमतेम साडेचार वर्षे टिकले. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचना झाली आणि बिदर जिल्ह्याचे तीन वाटे झाले. उदगीर, अहमदपूर, निलंगा मुंबई राज्यात. जहिराबाद, नारायणखेडचा भाग आंध्र प्रदेशात. बाकीचा म्हैसूर राज्यात. एकाच घरातल्या तीन बहिणी तीन विधानसभांच्या मतदार झाल्या. मांजरा नदी तीनही वाट्यांतून वाहत राहिली, पण तिच्या पाण्याचा प्रश्न आता तीन ठिकाणी, तीन भाषांत विचारावा लागे. आपले सभागृह बंगळूरला गेले, इथून सहाशे किलोमीटरांहून अधिक दूर.

अंतरापेक्षा अवघड होती ती भाषा. राज्यघटनेच्या २१० व्या कलमानुसार विधिमंडळाचे काम राज्याच्या राजभाषेत, हिंदीत किंवा इंग्रजीत चालते. या भाषांत ज्याला नीट बोलता येत नाही, अशा सदस्याला अध्यक्ष मातृभाषेत बोलू देऊ शकतात. म्हणजे मराठीला दार आहे, पण परवानगीचे. त्यामुळे आपल्या भागातल्या प्रश्नाला एक लांबचा प्रवास करावा लागतो. तो कट्ट्यावर मराठीत बोलला जातो, कागदावर कन्नडमध्ये उतरतो, बंगळूरला किंवा बेळगावच्या सुवर्णसौधात त्याचे कन्नडमध्ये उत्तर मिळते, आणि गावात ते पुन्हा मराठीत सांगावे लागते. या शेवटच्या टप्प्यावर तो बहुतेक वेळा हरवतो. ‘साहेबांनी विधानसभेत विषय काढला’ एवढेच गावात पोहोचते. मंत्री काय म्हणाले, ते कोणी सांगत नाही आणि आपण विचारत नाही.

इथे आपल्याकडेही थोडे पाहायला हवे. १९६६ मध्ये महाजन आयोग नेमला गेला, १९६७ मध्ये त्याचा अहवाल आला. २६४ गावे महाराष्ट्राला आणि २४७ गावे कर्नाटकाला, अशी त्याची शिफारस. महाराष्ट्राने ती मानली नाही. २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. सीमाप्रश्नावर आपापली मते असतील, ती असावीत. पण त्या मोठ्या प्रश्नाच्या सावलीत लहान प्रश्न खुंटले, हे नाकारता येणार नाही. निकाल लागेपर्यंत इथल्या शाळेचे पत्रे गळणार आणि मुलगी चौथीतून सातवीत जाणार. तिच्या शिक्षकाचा प्रश्न आजच्या सभागृहात आणि आजच्या मंत्र्यालाच विचारावा लागतो.

सभागृहात आपला माणूस नसला की काय होते, हेही आपण अलीकडे अनुभवले. आमदार बी. नारायणराव यांचे २४ सप्टेंबर २०२० रोजी कोरोनाने निधन झाले. पोटनिवडणूक १७ एप्रिल २०२१ ला झाली आणि निकाल २ मे रोजी लागला. सात महिन्यांहून अधिक काळ बसवकल्याणची जागा रिकामी होती. दवाखान्यातल्या खाटा आणि प्राणवायू यांची चिंता घराघरांत असण्याचा तो काळ. मधल्या काळात राज्याचा अर्थसंकल्पही मांडला गेला. याच महिन्यांत, ६ जानेवारी २०२१ रोजी, आपल्या गावात नव्या अनुभवमंटपाची पायाभरणी मुख्यमंत्र्यांच्या हस्ते झाली. पहिल्या संसदेच्या स्मारकाचा दगड बसत होता आणि त्याच गावाची विधानसभेतली जागा मोकळी होती. त्याआधी, नोव्हेंबर २०२० मध्ये, मराठा समाजासाठी विकास प्राधिकरण आणि ५० कोटी रुपयांची घोषणा झाली होती. निवडणुकीच्या तोंडावर घोषणा होतात, सगळेच पक्ष करतात. त्या पैशाचे पुढे काय झाले, हे विचारायची वेळ निवडणुकीनंतर येते, आणि तेव्हा मंडपातली गर्दी पांगलेली असते.

मग करायचे काय? आपल्याच गावच्या विज्ञानेश्वराकडे परत जावे, असे आम्हाला वाटते. प्रश्न तपशिलाचा हवा. ‘आमच्या भागाकडे दुर्लक्ष आहे’ हा प्रश्न नव्हे, ती हळहळ आहे. अमुक गावच्या मराठी शाळेत मंजूर पदे किती, भरलेली किती, रिकामी केव्हापासून, कधी भरणार, असे विचारले की मंत्र्याला पळवाट उरत नाही. आणि उत्तर आले की ते चारांपैकी कोणत्या जातीचे, ते ओळखावे. ‘होय, जागा रिक्त आहेत’ असे म्हटले तर पुढचा प्रश्न तारखेचा. ‘अशी तक्रार आलेली नाही’ असे म्हटले तर आपल्या अर्जाची पोच पुढे करायची. ‘जागा रिक्त आहेत, पण अतिथी शिक्षक नेमले आहेत’ हे तिसऱ्या जातीचे उत्तर. तिथे अतिथी शिक्षक किती आणि वर्षातले किती महिने, ते विचारायचे. ‘याबाबत पूर्वीच आदेश काढले आहेत’ हे चौथ्या जातीचे. तिथे तो आदेश गावात पोहोचला का, एवढेच पाहायचे. आणि जे उत्तर यांपैकी कशातच बसत नाही, नुसतेच लांबते, त्याला उत्तर मानायचे नाही.

आमदाराच्या हाती असा प्रश्न द्यायचा तर तो आपल्याकडून जायला हवा. घटनेच्या ३५० व्या कलमाने आपले गाऱ्हाणे केंद्रात वा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत कोणत्याही अधिकाऱ्याकडे मांडण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. मराठीतला अर्जही अर्जच आहे. ३७१ (जे) हे कलम ९८ व्या घटनादुरुस्तीने आले. त्यात आपल्या विभागासाठी स्वतंत्र विकास मंडळाची तरतूद आहे आणि त्या मंडळाच्या कामाचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवावा, असेही म्हटले आहे. तो अहवाल आपल्यापैकी किती जणांनी वाचला? रेल्वेचा प्रश्न विधानसभेत नेऊन उपयोग नाही, तो खासदाराने लोकसभेत विचारायचा. बिदर-कलबुर्गी मार्ग २०१७ मध्ये सुरू झाला, पण बसवकल्याणकरांना गाडी धरायला आजही दुसऱ्या गावी जावे लागते. कोणता प्रश्न कोणत्या दारी न्यायचा, एवढे ठाऊक असले तरी अर्धे काम होते.

आमची नवी पिढी कन्नड उत्तम वाचते, लिहिते. जुन्या मंडळींना याची कधी कधी खंत वाटते. आम्हाला त्यात बळ दिसते. आजी मराठीत सांगेल, नात ते कन्नडमध्ये लिहील, आणि आलेले उत्तर पुन्हा आजीला मराठीत वाचून दाखवील. प्रश्न आजवर जिथे हरवत आला, तो टप्पा या मुलांच्या हाती आहे. मंडळाने यंदापासून एक जाड वही ठेवावी, अशी आमची सूचना आहे. डावीकडच्या पानावर विचारलेला प्रश्न, तारखेसह. उजवीकडच्या पानावर मंत्र्याचे उत्तर. उत्तर आले नसेल तर उजवे पान कोरे ठेवावे आणि पुढच्या गणेशोत्सवात आमदार आरतीला येतील तेव्हा ते त्यांच्यापुढे उघडावे.