जुन्या कारची दुरुस्ती करायची की नवी घ्यायची? हिशोब कसा मांडायचा?

समजा, १२ वर्षं जुनी पेट्रोल हॅचबॅक सर्व्हिसिंगला दिली आणि गॅरेजमधून फोन आला: क्लच प्लेट गेली आहे, सस्पेन्शनचंही काम आहे, ४५ हजार खर्च येईल. गाडी विकली तर १ लाख २० हजार मिळतील. अशा वेळी घरात कुणीतरी म्हणतंच, "एवढे पैसे घालण्यापेक्षा नवीच घेऊ."

हा निर्णय अनेकदा दुरुस्तीचं बिल आणि गाडीची किंमत यांची तुलना करून घेतला जातो. पण ही तुलनाच अपुरी आहे. खरा प्रश्न असा आहे: पुढची दोन वर्षं ही गाडी चालवायला किती खर्च येईल आणि त्याच दोन वर्षांत नव्या गाडीला किती येईल?

दोन वर्षांचा हिशोब

आधी जुनी गाडी पाहू. आत्ताची दुरुस्ती ४५ हजार. पुढे वर्षाला २० हजारांची देखभाल धरली तर दोन वर्षांचे ४० हजार. या काळात गाडीची किंमत आणखी ४० हजारांनी उतरेल असं मानू. एकूण झाले १ लाख २५ हजार.

आता ८ लाखांची नवी गाडी. २ लाख स्वतःचे आणि ६ लाखांचं कर्ज, ९ टक्के व्याजाने ५ वर्षांसाठी. हप्ता साधारण १२,४५० रुपये. पहिल्या दोन वर्षांत त्यातले सुमारे ९० हजार निव्वळ व्याजात जातात. शिवाय गाडीची किंमत उतरते. विम्यासाठी गाडीचं मूल्य ठरवताना दुसऱ्या वर्षी २० टक्के घसारा धरतात, म्हणजे इथे १ लाख ६० हजार. एकूण अडीच लाख. रोड टॅक्स आणि विम्याचा वाढीव हप्ता यात धरलेलाच नाही.

म्हणजे या उदाहरणात ४५ हजारांचं बिल भरूनही जुनी गाडी निम्म्या खर्चात पडते. आकडे प्रत्येकाचे वेगळे असतील, मांडणी हीच ठेवायची.

एक चूक मात्र टाळावी. "गेल्या वर्षीच ५० हजार घातलेत, आता कशी विकायची?" हा विचार हिशोबात आणू नये. तो खर्च होऊन गेला. गाडी ठेवली किंवा विकली तरी तो परत येणार नाही.

कोणती दुरुस्ती करावी, कोणती नाही?

क्लच, ब्रेक पॅड, बॅटरी, टायर, शॉक अॅब्सॉर्बर हे झिजणारेच भाग आहेत. ते बदलले की तो प्रश्न काही वर्षांसाठी मिटतो.

सायलेन्सरमधून सतत निळसर धूर येणं म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर दिसला तर ऑइलमध्ये कूलंट मिसळत असल्याची शक्यता असते. अशा वेळी दुसऱ्या मेकॅनिककडूनही लेखी एस्टिमेट घ्यावं. इंजिन किंवा गिअरबॉक्सचं काम निघालं, तर वरचा हिशोब झपाट्याने उलटू शकतो.

मुंबई आणि कोकण किनारपट्टीवर गंजाकडे खास लक्ष द्यावं लागतं. गाडी रॅम्पवर चढवून खालून पाहावी. दरवाजावरचा गंज दिसायला वाईट असला तरी तो दुरुस्त होतो. चासीला गंज लागून पत्रा खाल्ला गेला असेल, तर अपघातात गाडीची ताकदच कमी पडते. तिथे पैसे घालण्यात अर्थ नाही.

१५ वर्षं झाली की गाडी भंगारात जाते?

नाही. खासगी कारची पहिली नोंदणी १५ वर्षांसाठी असते. त्यानंतर आरटीओकडून तपासणी करून ती ५-५ वर्षांसाठी वाढवता येते. दिल्ली-एनसीआरमध्ये जुन्या डिझेल आणि पेट्रोल गाड्यांवर असलेले वयाचे निर्बंध महाराष्ट्राला लागू नाहीत.

मात्र खर्च वाढला आहे. १५ वर्षांवरील कारच्या नूतनीकरणाचं शुल्क एप्रिल २०२२ पासून ५ हजार रुपये झालं. २० वर्षांवरील कारसाठी ते ऑगस्ट २०२५ मध्ये १० हजार करण्यात आलं. महाराष्ट्रात पर्यावरण करही भरावा लागतो. गाडी १४ वर्षांची असेल तर हे पैसे आत्ताच हिशोबात धरावेत.

गाडी मोडीत काढायची असेल तर ती नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रातच द्यावी. तिथे मिळणाऱ्या ठेव प्रमाणपत्रावर नव्या गाडीच्या नोंदणी शुल्कात आणि करात सवलत मिळते. करातली सवलत राज्यागणिक बदलते, त्यामुळे ती आरटीओत विचारून घ्यावी.

पैशांपलीकडचा मुद्दा

भारतात सर्व नव्या कारमध्ये एबीएस एप्रिल २०१९ पासून आणि चालकासाठी एअरबॅग जुलै २०१९ पासून बंधनकारक झाली. त्याआधीच्या अनेक स्वस्त मॉडेलमध्ये या दोन्ही गोष्टी नव्हत्या. गॅरेजमध्ये कितीही खर्च केला तरी त्या नीट बसवता येत नाहीत.

गाडी आठवड्यातून दोनदा बाजारापर्यंतच जात असेल, तर दुरुस्ती पुरेशी ठरू शकते. पण लहान मुलांना घेऊन दर महिन्याला हायवेने गावी जाणं होत असेल, तर हिशोबात जुनी गाडी स्वस्त दिसली तरी बदलण्याचा विचार करावा. त्यासाठी कोरी गाडीच हवी असं नाही. चार-पाच वर्षं वापरलेली, दोन एअरबॅग असलेली गाडी हाही मधला मार्ग आहे.